टोकदार गोळी आणि जुनी बंदूक

इतिहासाच्या पुस्तकांत राजांचीं नांवें असतात, लढायांच्या तिथी असतात, तहांचीं कलमें असतात. परंतु ज्या वस्तूनें पुष्कळदां या सर्वांचा निकाल लाविला, ती शिशाची लहानशी गोळी मात्र बहुधा अनुल्लेखितच राहते. गोळीचा आकार ही सैनिकी कारखान्यांतील कारागिरांची बाब, तिच्याशीं सुशिक्षित गृहस्थांस काय कर्तव्य, असें कोणी म्हणेल. परंतु वाटोळ्या गोळीची लांबट गोळी झाली, तेव्हां त्या नव्या गोळीच्या काडतुसावरून हिंदुस्थानांत सत्तावन सालच्या वणव्याची पहिली ठिणगी पडली; आणि लांबट गोळीची टोकदार गोळी झाली, तेव्हां पृथ्वीवरील बड्या बड्या फौजांना आपल्या लक्षावधि बंदुका पुन्हां कारखान्यांत धाडाव्या लागल्या. नवी गोळी आली म्हणजे जुन्या बंदुकीचें काय करावयाचें, हा प्रश्न वरवर पाहतां यंत्रशास्त्राचा दिसतो. खोल पाहिलें तर कोणाच्या हातांत कोणती बंदूक द्यावयाची, या राजकीय प्रश्नाशीं तो घट्ट जडलेला आहे. पुणें जिल्ह्याच्या उत्तर अंगास असलेले जुन्नर व आंबेगांव हे दोन तालुके दृष्टीसमोर ठेवून या प्रश्नाचा थोडा विचार करावा, असें आम्हीं योजिलें आहे.

हा मुलूख शस्त्रांस नवखा नव्हे. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन, नारायणगड असे किल्ले जुन्नरच्या आसमंतांत उभे आहेत, आणि नाणेघाटाची सातवाहनकालीन वाट त्यांच्याच पहाऱ्यांतून कोंकणांत उतरते. सन १६५७ च्या एप्रिलच्या अखेरीस शिवाजी महाराजांनीं रात्रीच्या वेळीं जुन्नर शहरावर छापा घातला, तटास शिड्या लावून आंत प्रवेश केला, आणि तीन लक्ष होन व दोनशें घोडे घेऊन ते निघून गेले. त्या रात्रीचें यश पायांच्या वेगाचें आणि गुप्ततेचें होतें. बंदुकीचें काम त्यांत थोडें. याच्या उलट सन १८१८ मध्यें मेजर एल्ड्रिज याची इंग्रजी तुकडी या किल्ल्यांवर आली, तेव्हां तोफगोळ्यांपुढें ते फार वेळ टिकले नाहींत. आणि ते हातीं आल्यावर चावंड व जीवधन यांच्या कातळांत खोदलेल्या पायऱ्या सुरुंगानें उडविण्यांत आल्या. जिंकलेलें शस्त्र पुन्हां कोणाच्या उपयोगीं पडूं नये, म्हणून तें बिघडवून ठेवावयाचें, हें धोरण या पायऱ्यांवर प्रथम लिहिलें गेलें. पुढें तेंच बंदुकीच्या नळीवर लिहिलें गेलें, तें आतां पाहूं.

त्या काळची सामान्य बंदूक ठासणीची असे. तोंडांतून दारू ओतावी, वर वाटोळी गोळी सोडावी, गजानें ठासावें, कानांत रंजक भरावी आणि तोड्यानें अथवा चकमकीनें बार काढावा. नळी आंतून गुळगुळीत आणि गोळी तिच्याहून किंचित् लहान. त्यामुळें गोळी नळींत आदळत-आपटत बाहेर पडे, आणि शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरंवसा नसे. नळीस आंतून मळसूत्री आटे पाडले तर गोळी भोंवऱ्यासारखी फिरत सरळ जाते, हें कारागिरांस फार पूर्वींपासून ठाऊक होतें. अडचण इतकीच, कीं आट्यांत घट्ट बसणारी गोळी तोंडांतून ठोकून ठोकून घालण्यास वेळ फार लागे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मिनिए नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानें यावर तोड काढली. त्यानें गोळी लांबट केली व बुडाशीं पोकळ ठेविली. अशी गोळी सैल म्हणून सहज आंत जाते, आणि दारू पेटतांच बूड फुगून आट्यांत घट्ट बसते. याच तत्त्वावर इंग्रजांनीं सन १८५३ ची एन्फील्ड बंदूक केली, आणि पायदळाच्या साध्या शिपायाचा नेम शेंकडों यार्ड लांब गेला.

या बंदुकीची दारू व गोळी कागदाच्या सुरळींत बांधलेली असे. काडतूस हा आपला शब्द युरोपियांबरोबर समुद्रमार्गें आला, आणि मूळचें काडतूस खरोखरच कागदाचें होतें. जुन्नर तर कागदाचेंच गांव; तेथील हातकागदावर पेशव्यांच्या दफ्तरांतील कितीतरी लेखन झालें. कागदाचा एक ताव राज्याचा हिशेब ठेवतो, आणि कागदाची दुसरी सुरळी राज्य हादरविते, असा हा योग आहे. एन्फील्डचें काडतूस दातांनीं तोडावें लागे व त्यास चरबी लाविलेली असे. ती गाईची व डुकराची आहे, या समजुतीनें काय घडलें, तें सर्वश्रुत आहे. असंतोषाचीं कारणें अनेक होतीं व तीं खोल होतीं. पण निमित्त झालें तें नव्या आकाराच्या गोळीचें.

बंड शमल्यावर इंग्रजांनीं जो धडा घेतला, तो आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे. एन्फील्ड बंदूक हिंदी शिपायाच्या हातीं द्यावयाची तर तिचा दूरचा नेम त्याच्या हातीं जातो; न द्यावी तर त्यास निःशस्त्र ठेवावें लागतें. यांतून जो मार्ग काढला तो विलक्षण होता. एन्फील्डचीच नळी आंतून कोरून आटे काढून टाकले, तिचें भोंक रुंद केलें, आणि गुळगुळीत नळीची ती बंदूक हिंदी पलटणींस दिली. सन १८५८ व १८५९ च्या नमुन्यांच्या या बंदुका बाहेरून पाहणाऱ्यास एन्फील्डच दिसत. आंतून मात्र त्या एक पिढी मागें गेलेल्या होत्या. बहुतेक तोफखानाही हिंदी हातांतून काढून घेण्यांत आला. आणि पुढें कित्येक वर्षें हा पायंडाच पडला, कीं गोऱ्या पलटणींस नवी बंदूक मिळाली म्हणजे त्यांची जुनी हिंदी पलटणींस द्यावयाची. शस्त्र सुधारण्याची विद्या सर्वत्र आहे. शस्त्र बुद्धिपुरस्सर बिघडवून देण्याची विद्या इतक्या पद्धतशीरपणें क्वचितच कोणी चालविली असेल.

याच सुमारास जुन्नरच्या डोंगरांत एक वेगळा प्रयोग चालला होता. सन १८५७ च्या ऑक्टोबरांत नगर-नाशिकच्या सरहद्दीवर भागोजी नाईकाच्या भिल्लांशीं झालेल्या चकमकींत पोलिसांचा अधिकारी लेफ्टनंट हेन्री ठार झाला. त्याच्या जागीं आलेल्या कॅप्टन नटॉलनें डोंगरी मुलखांत डोंगरी माणसेंच हवींत, हें ओळखून महादेव कोळ्यांची एक पलटण उभी केली. जुन्नर, अकोलें व नाशिक यांच्या डोंगराळ भागांतून तिची भरती झाली. आरंभीं माणसें आपापल्या घरच्या तलवारी व बंदुका घेऊन आलीं. पुढें पलटण सहाशेंपर्यंत वाढली. गडद हिरवें पागोटें, हिरवी बंडी, गुडघ्यापर्यंत धोतर, पायांत वहाणा, आणि हातांत संगिनीसह हलकी फ्युझिल बंदूक, असा त्यांचा सरंजाम होता. फ्युझिल म्हणजे फौजी बंदुकीची धाकटी बहीण. कड्याकपारींतून धांवणाऱ्या माणसास ती सोयीची खरी. चालण्यांत या लोकांचा हात धरणारें कोणी नव्हतें. ज्या जमातीच्या राघोजी भांगऱ्यास सन १८४८ मध्यें ठाण्याच्या तुरुंगांत फांशीं दिलें, त्याच जमातीच्या हातीं दहा वर्षांच्या आंत सरकारनें बंदूक दिली. आणि सन १८६१ मध्यें पोलीस खात्याची नवी व्यवस्था झाली तेव्हां पलटण मोडून ती परत घेतली. थोडेसे पोलिसांत राहिले. बाकीचे आपल्या नाचणी-वरईच्या शेताकडे वळले.

इकडे बंदुकीची प्रगति थांबली नव्हती. सन १८६६ मध्यें इंग्रजांनीं स्नायडर या अमेरिकनाची युक्ति उचलली. जुन्या एन्फील्डच्या नळीचा मागचा तुकडा कापून तेथें बिजागरीचें झांकण बसविलें, कीं तीच बंदूक मागून भरतां येऊं लागली. शिपायानें उभें राहून गज ठासण्याचें कारण उरलें नाहीं. तो आडवा पडून, झुडुपाआड लपून गोळी झाडूं लागला. कागदाच्या सुरळीच्या जागीं पितळेचें काडतूस आलें. सन १८७१ मध्यें मार्टिनी-हेन्री आली. हिच्या मुठीखालीं एक तरफ असे. तरफ खालीं ओढली कीं मागचा ठोकळा उतरून नळी उघडे. काडतूस ठेवून तरफ वर केली कीं बंद होई. पुढें बारीक नळीच्या तीनशें-तीन काडतुसाचा काळ आला, तेव्हां याच मार्टिनीस नव्या नळ्या बसवून त्या पुन्हां कामास लाविल्या. जुन्या देहांत नवा प्राण घालण्याचीं हीं उदाहरणें काटकसरीचीं खरीं. परंतु ती काटकसर कोणासाठीं करावयाची, हें मात्र ठरलेलें असे. पुण्याजवळ खडकी येथें सन १८६९ मध्यें दारूगोळ्याचा कारखाना निघाला. ज्या जिल्ह्याच्या वायव्येस कोळी आपली बंदूक परत देऊन बसला होता, त्याच जिल्ह्यांत साम्राज्याचा दारूगोळा तयार होऊं लागला.

आंबेगांव तालुक्यांतील जांभोरीचा होन्या केंगले हा सन १८७३ मध्यें सावकारांविरुद्ध उठला, तो या परिस्थितींत. कर्जरोखे, व्याज आणि जमिनीची जप्ती हीं त्या उठावाचीं कारणें होत. सन १८७५ मध्यें सुप्यास जो दंगा झाला त्याचें मूळही तेंच. होन्या डोंगरांत जवळजवळ तीन वर्षें पोलिसांस हुलकावणी देत राहिला व सन १८७६ मध्यें पकडला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, सन १८७८ मध्यें, लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत हत्यारांचा कायदा झाला, आणि परवान्यावांचून बंदूक बाळगणें हा सर्व हिंदुस्थानांत गुन्हा ठरला. युरोपियांस मात्र त्यांतून सवलत होती. तो कायदा एका होन्यासाठीं झाला नाहीं हें उघड आहे. पण भीमाशंकरच्या रानांत रानडुकरांपासून शेत राखणाऱ्या माणसास त्याची झळ लागली, ती मुंबईतील वकिलापेक्षां निराळी होती. वकिलाचा हक्क गेला, शेतकऱ्याचें पीक गेलें.

आतां टोकदार गोळीकडे वळूं. धूर न करणारी दारू निघाल्यावर गोळीचा वेग फार वाढला, आणि वेग वाढतांच हवेचा विरोध हाच तिचा मुख्य शत्रु झाला. बोथट तोंडाची गोळी हवा ढकलीत जाते, टोकदार गोळी ती कापीत जाते. म्हणून टोकदार गोळीचा वेग दूरवर टिकतो, तिचा मार्ग अधिक सपाट असतो, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाहीं. फ्रेंचांनीं सन १८९८ मध्यें, जर्मनांनीं सन १९०५ मध्यें व अमेरिकनांनीं सन १९०६ मध्यें अशी गोळी स्वीकारली. इंग्रजांची सन १९१० ची सातव्या नमुन्याची गोळी टोकदार होती. जुनी गोळी २१५ ग्रेन वजनाची, नवी १७४ ग्रेनची. जुनीचा वेग सेकंदास सुमारें २,००० फूट, नवीचा २,४०० च्या वर. परिणामीं जुन्या बंदुकीवरील अंतराचे आंकडे खोटे ठरले, आणि ते बदलून घ्यावे लागले. अमेरिकेंत तर नव्या स्प्रिंगफील्ड बंदुका परत बोलावून त्यांच्या नळ्या मागून आंखूड करून काडतुसाची खोबण पुन्हां कोरावी लागली.

परंतु सर्वांत कठीण प्रसंग आला तो नळकांडी कोठार असलेल्या बंदुकांवर. अमेरिकेंत सन १८६० पासून हेन्री व पुढें विंचेस्टर यांच्या तरफेच्या बंदुका प्रसिद्ध होत्या. नळीच्या खालीं दुसरी एक नळी, तिच्यांत एकापाठीं एक काडतुसें, आणि हातानें तरफ खालीं-वर केली कीं नवें काडतूस जाग्यावर येई. ही रांग म्हणजेच धोक्याचें घर. मागच्या काडतुसाचें टोक पुढच्याच्या बुडाला टेकलेलें. आणि बुडाच्या मध्यभागीं ती स्फोटक टोपी, जी टोचली कीं पेट घेते. गोळी बोथट होती तोंवर चिंता नव्हती. टोकदार गोळी घातली तर बार काढतांना बसणाऱ्या धक्क्यानें एखादें टोक पुढच्या टोपीवर आपटून कोठारांतच स्फोट व्हावयाचा. आमची मार्टिनी तरफेचीच खरी, पण ती एकेरी. तिच्यांत रांगच नसल्यामुळें हा प्रश्न उद्भवत नव्हता.

यावर तीन उपाय निघाले, आणि तिन्हींत माणसाच्या बुद्धीचे तीन स्वभाव दिसतात. पहिला उपाय काडतूस बदलण्याचा. फ्रेंचांची सन १८८६ ची लेबेल बंदूक तरफेची नसली तरी तिचें कोठार असेंच नळकांडी होतें. त्यांनीं काडतुसाच्या बुडाशीं टोपीभोंवतीं एक गोल खांच पाडली; काडतूस मागें जाड व पुढें निमुळतें असल्यामुळें मागच्याचें टोक मध्यावर न येतां त्या खांचेंत विसावे. दुसरा उपाय कोठार बदलण्याचा. जॉन ब्राउनिंग यानें सन १८९५ च्या विंचेस्टरमध्यें नळकांडें काढून तरफेच्या पुढें चौकोनी पेटी बसविली. काडतुसें एकावर एक राहूं लागलीं व टोकाचा टोपीशीं संबंधच तुटला. पहिल्या महायुद्धांत रशियानें याच बंदुका आपल्या टोकदार गोळीच्या काडतुसासाठीं सुमारें तीन लक्ष मागविल्या, आणि काडतुसांची पट्टी वरून सरकवितां यावी म्हणून त्यांवर वेगळी खोबण करून घेतली. आर्थर सॅव्हेज यानें पेटीऐवजीं फिरकी योजिली. तिच्या खांचांत काडतुसें वेगवेगळीं बसत, आणि सन १९१५ मध्यें तिच्याकरितां सेकंदास ३,००० फूट वेगाची टोकदार गोळी निघाली. तिसरा उपाय टोकच बदलण्याचा. तो मात्र सुचण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें. या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेंत रबरासारख्या मऊ, लवचिक टोकाची गोळी निघाली. ती हवेंत टोकदार राहते, कोठारांत दाबली तर दबते. त्यामुळें जुन्या नळकांडी बंदुकाही बदल न करतां तिला चालूं लागल्या.

हे सर्व उपाय बंदूक पुढें नेण्याचे. आपल्या देशांत याच काळीं उलट दिशेचें काम चालूच होतें. बंगालमध्यें इशापूरच्या सरकारी कारखान्यांत तीनशें-तीनच्या फौजी रायफली घेऊन त्यांच्या नळ्यांतील आटे नाहींसे केले, कोठाराची जागा लांकडी ठोकळ्यानें बुजविली, आणि एका वेळीं एकच काडतूस घेणारी चारशें-दहाची मस्केट पहारेकऱ्यांसाठीं व पोलिसांसाठीं तयार केली. तिचें काडतूस तीनशें-तीनच्याच पितळेचें, पण गळा न आवळलेलें. हेतु असा, कीं बंदूक हातची निसटून बंडखोरांकडे गेली तरी फौजेचें काडतूस तिच्यांत नीट चालूं नये, आणि दूरचा नेम तर मुळींच साधूं नये. अठराशें अठ्ठावन्नची कोरलेली एन्फील्ड आणि ही मस्केट, या दोहोंचा बाप एकच: अविश्वास.

स्वातंत्र्यानंतर इशापूरनें दिशा बदलली. सन १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर तेथें जुन्या ली-एन्फील्डचीच बांधणी अधिक चांगल्या पोलादांत करून ती ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसास योग्य केली गेली. परंतु पोलीस शिपायाच्या हातीं तीच थ्री-नॉट-थ्री पुढें दशकानुदशकें राहिली. सन २००८ च्या नोव्हेंबरांत मुंबईच्या छत्रपति शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित बंदुका घेऊन आलेल्या मारेकऱ्यांसमोर जे शिपाई उभे राहिले, त्यांच्यापैकीं कित्येकांच्या हातांत हीच बंदूक होती, आणि कांहींच्या हातांत तर केवळ काठी. उत्तर प्रदेशाच्या पोलिसांनीं तिला निरोप दिला तो सन २०२० च्या प्रजासत्ताकदिनीं. परकीय सरकारनें जें अंतर अविश्वासानें राखलें, तें स्वकीय कारभारांत निष्काळजीपणानें राहिलें. हेतु वेगळे म्हणून दोन्हींस एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल. पण गोळी हेतु विचारून लागत नाहीं.

आम्ही शस्त्रांचे उपासक नव्हे, आणि घरोघर बंदुका असाव्यात असेंही आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं एखाद्या राज्याचा आपल्या माणसांविषयींचा खरा अभिप्राय त्याच्या जाहीरनाम्यांत शोधण्यापेक्षां त्यानें त्यांच्या हातीं दिलेल्या हत्यारांत शोधावा. सन १८५८ चा राणीचा जाहीरनामा समतेची भाषा बोलत होता. त्याच वर्षीं कोरलेली बंदुकीची नळी निराळें बोलत होती. इतिहास लिहितांना आपण जाहीरनामे जपून ठेवतों, ते जपावेतच. परंतु जुन्नर-आंबेगांवच्या घरांतून आढ्यावर गंजत पडलेली एखादी ठासणीची नळी, खडकीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी, नटॉलच्या पलटणींत गेलेल्या पूर्वजाची ऐकीव हकीकत, हींही तितक्याच काळजीनें नोंदवून ठेविलीं पाहिजेत. जीवधनाच्या फोडलेल्या पायऱ्या अजून डोळ्यांस दिसतात. नळींतले काढून टाकलेले आटे दिसत नाहींत; ते दाखविण्याचें काम इतिहासकाराचेंच आहे.